दर मे महिन्यात लाईट बिल फुगतं? आधी मीटरचा लाल दिवा मोजा

सांगलीत गावभागात आमचं घर. खाली जुनं दगडमातीचं बांधकाम, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. माणसं सहा. फेब्रुवारीत बिलावर १४० च्या आसपास युनिट असतात आणि मे महिन्यात तोच आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो. असं ओळीनं चार वर्षं झालं. दर वर्षी बिल हातात पडलं की घरात तीच चर्चा आणि तोच निकाल, "वरच्या खोलीत एसी बसवल्यापासून सुरू झालंय हे." धाकटे दीर आणि जाऊबाई गप्प बसायचे. पाऊस लागला की बिल उतरायचं, विषय मागे पडायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

२०२४ च्या मे महिन्यात ३८२ युनिटचं बिल आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मी सासूबाईंच्या खोलीत गेले, तर पंखा बंद. त्या भिंतीला टेकून बसलेल्या, पदर घामानं चिंब, चेहरा लालबुंद. "आत्या, पंखा का बंद केलाय?" तर म्हणाल्या, "मला काही उकडत नाही गं. तेवढंच बिल कमी." उठायला गेल्या आणि त्यांना घेरी आली. नशीब, मी शेजारी होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. साधा पंखा ७५ वॅटचा. तीन तास चालला तर २२५ वॅट-तास. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे हे पाव युनिटसुद्धा नाही. तीन-चार रुपयांसाठी ७४ वर्षांची बाई मे महिन्याच्या दुपारी बिनपंख्याची बसली होती, आणि घरात खरी वीज कुठं जाते आहे हे आम्हा पाचही शहाण्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं. म्हणून आधी सांगते: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा, आजाऱ्यांचा, लहान मुलांचा पंखा बंद करून बिल वाचवू नका. तिथं वाचवण्याजोगं काही नसतंच. खरी गळती दुसरीकडे असते आणि ती घरबसल्या शोधता येते.

आधी बिल नीट वाचा

पहिली गोष्ट पैशांकडे नाही, युनिटकडे बघा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. फेब्रुवारीचे युनिट आणि मे महिन्याचे युनिट शेजारी लिहा. मग बिल किती दिवसांचं आहे ते बघा आणि युनिटला दिवसांनी भागा. तीस दिवसांचं बिल आणि पस्तीस दिवसांचं बिल यांची तुलना करून उगाच घाबरायला होतं. चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. उन्हाळ्यात मुलांना घेऊन गावी गेलात, घराला कुलूप होतं, तर एखादं बिल सरासरीनं आलेलं असतं आणि पुढच्या बिलात आधीचा हिशोब एकदम निघतो. तसं असेल तर बिलावर लिहिलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट, एप्रिल-मेच्या सुमाराला महावितरणकडून सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वर्षभरातल्या सरासरी वापरावर ठेव किती हवी हे ठरतं आणि कमी पडलेली रक्कम मागितली जाते. आमच्या गल्लीत कितीतरी जण हे दुसरं बिल बघून "यंदा दुप्पट आलं" म्हणत होते. ही ठेव परत मिळणारी असते, तिच्यावर व्याजही मिळतं. तो वापराचा खर्च नाही. तिला बिलाच्या हिशोबातून बाजूला काढा.

तिसरी गोष्ट टप्प्यांची. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत जातात. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानं बदलतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचेच धरा. पण चढण कायम असते, आणि शंभराच्या आतलं युनिट आणि शंभरापुढचं युनिट यांत मोठी उडी आहे, दुपटीच्या जवळपास. पुष्कळांचा समज असा की ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. फक्त ३०० च्या वरचे युनिट वरच्या दरानं लागतात. याचा उपयोग असा की उन्हाळ्यात वाचवलेलं युनिट हे तुमचं सगळ्यात महागडं युनिट असतं. आमचे ३८२ मधले ८२ युनिट तिसऱ्या टप्प्यात होते. शिवाय १६ टक्के वीज शुल्क वर चढतं, म्हणजे युनिट वाचलं की त्यावरचं शुल्कही वाचतं.

लाल दिव्याची मोजणी

आता मुख्य काम. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० चा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. यावरून घरात या क्षणी किती वॅट ओढले जातात ते कळतं. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि लुकलुक मोजा. ३२०० चा मीटर असेल तर मिनिटातल्या संख्येला पावणेएकोणीसनं गुणा, आले ते वॅट. १६०० चा असेल तर साडेसदतीसनं गुणा. आमचा मीटर ३२०० चा. त्यावर मिनिटाला चार लुकलुक म्हणजे ७५ वॅट, बरोबर एक साधा पंखा. हे एवढं लक्षात ठेवलं की झालं: चार लुकलुक, एक पंखा.

मी एका रविवारी सकाळी सगळ्यांना अंगणात उभं केलं. घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रीजची पिन काढली, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफाय, मोबाईलचे चार्जर, सगळ्याच्या पिना काढल्या. मेन मात्र चालू ठेवला. मुलगा खालून ओरडला, "आई, दिवा लागतोय अजून." मोजलं. एका मिनिटात चार. पुन्हा मोजलं. चार. घरात काहीही चालू नाही आणि तरी एक पंखा चोवीस तास फिरतोय असा मीटर सांगत होता. ७५ वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, ५४ युनिट. महिन्याला ५४ युनिट कुठं जात होते कुणालाच पत्ता नव्हता.

जिन्याखाली इन्व्हर्टर होता. तो कायमचा जोडलेला, त्याला पिन नाही, म्हणून आमच्या यादीतच आला नव्हता. त्याच्या लाईनची एमसीबी पाडली आणि मुलगा म्हणाला, "थांबला."

वायरमनला बोलावलं. त्यानं बॅटरीची झाकणं उघडून टॉर्च मारला. दोन कप्प्यांत पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेलं. बॅटरी सहा वर्षांची. म्हणाला, "वैनी, ही मेलीय बघा. भरतच न्हाई, म्हणून दिवसरात्र करंट खाती. फुल्ल झाली की बंद व्हायचं, पण ही फुल्ल हुतच न्हाई." गोष्ट इतकी साधी होती. चांगली बॅटरी भरली की इन्व्हर्टर चार्जिंग जवळपास थांबवतो. म्हातारी बॅटरी भरत नाही, नुसती तापते, आणि तापली की पाणी आणखी उडतं. उन्हाळ्यात हे वाढतं, कारण एक तर हवेतच उष्णता, आणि दुसरं, वळवाच्या पावसात लाईट सारखी जाते-येते, बॅटरी सारखी उतरते-चढते. थंडीत हीच बॅटरी कमी खात होती, म्हणून फेब्रुवारीच्या बिलात ती दिसत नव्हती. दर मे महिन्यात परत येणाऱ्या दुखण्याचा एक मोठा तुकडा जिन्याखाली अंधारात बसला होता आणि बोल लागत होता एसीला.

तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर सगळ्यात आधी तिथं बघा. बॅटरी हाताला गरम लागते का, वारंवार पाणी मागते का, लाईट गेल्यावर पूर्वीपेक्षा लवकर मान टाकते का. तिन्ही असेल तर तिचे दिवस भरलेत. पाणी घालायचं ते डिस्टिल्ड, नळाचं नाही, आणि आत तेजाब असतं म्हणून डोळे आणि हात सांभाळून. भीती वाटत असेल तर वायरमनकडूनच करून घ्या.

सगळ्या पिना काढल्या, इन्व्हर्टर बंद केला आणि तरी दिवा लुकलुकत असेल, तर मग वायरिंगमध्ये गळती आहे. आमच्या गावभागात, खणभागात, मारुती चौकाच्या बाजूला हे विशेष सांगावंसं वाटतं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ ला पुन्हा पूर आला. तळमजल्यावरचे बोर्ड, भिंतीतले पाईप सगळे पाण्यात होते. ज्यांनी नंतर नुसते बोर्ड बदलले आणि भिंतीतल्या वायरी तशाच ठेवल्या, त्यांच्याकडे जुने जोड आतून कुजलेले असू शकतात. आमच्या शेजारच्या काकूंना न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. त्या म्हणायच्या, "ओलं असतं म्हणून असेल." भिंतीतली वायर सोललेली निघाली. अशा वेळी बिलाचा विचार बाजूला ठेवा, मेन पाडा आणि त्याच दिवशी वायरमन बोलवा. मीटरनंतर ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो स्वतः पडतो आणि माणूस वाचतो.

कशानं किती वाढलं

इन्व्हर्टर सापडल्यावर मला चेव आला. पुढचे आठ दिवस मी एकेक वस्तू चालू करून मोजली आणि वहीत लिहिलं. एसी, मोटार यांसारख्या मोठ्या वस्तूंच्या वेळी दिवा इतका भरभर लुकलुकतो की मोजता येत नाही, तेव्हा तासाच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहिलं. फेब्रुवारीपेक्षा मे महिन्यात २४० युनिट वाढले होते. त्यातले ७६ पंख्यांचे, ६० एसीचे, ४० इन्व्हर्टरचे, ३० फ्रीजचे, २४ कूलरचे, १० पाण्याच्या मोटारीचे. एसीचा वाटा चौथाई. जाऊबाईंनी ते पान दोनदा वाचलं.

पंखे एकेकटे गरीब असतात, पण पाच पंखे मिळून दिवसाला पन्नास तास फिरत होते. पंखा बंद करायचा नाही हे तर ठरलेलंच होतं. मग बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे पंखे आणले. हे पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास घेतात, मीटरवर मोजून बघितलं, मिनिटाला दोनपेक्षा कमी लुकलुक. किंमत साधारण अडीच ते साडेतीन हजार, म्हणून पाचही बदलले नाहीत. सगळ्यात जास्त वेळ कुठला पंखा फिरतो ते बघून तीनच बदलले: सासूबाईंची खोली, माजघर, मुलांची खोली. एक पंखा दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीत बीएलडीसी लावून उपयोग नाही. दुसरा फायदा नंतर कळला: लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर हे पंखे जुन्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतात आणि बॅटरीवरचा ताण उतरतो.

जुना पंखा ठेवणार असाल तर रेग्युलेटर बघा. तो मोठा, डब्यासारखा, फिरवल्यावर गरम होणारा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्यानं बचत जवळजवळ होत नाही, उरलेली वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते. छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं वेग कमी केला की वीजही कमी लागते. त्याची किंमत थोडी आहे, बदलून टाका. पात्यांवरची धूळ पुसा, हवा चांगली लागते आणि मग पाचवरून चारवर आणलं तरी चालतं.

फ्रीज

आमचा फ्रीज स्वयंपाकघरात पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. दुपारी तीननंतर ती भिंत हाताला चटका देते. फ्रीज आतली उष्णता पाठीमागून बाहेर टाकतो, आणि पाठीमागे तापलेली भिंत असेल तर ती उष्णता जायची कुठं? कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. मिनिटाला सात लुकलुक, म्हणजे १३० वॅट, आणि घड्याळ लावून बसले तर तासातली पंचेचाळीस मिनिटं तो सुरू.

दाराचं रबर तपासायची पद्धत सोपी आहे. दहाची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. अडून यायला हवी. आमची खालच्या कोपऱ्यातून लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. आधी कोमट साबणाच्या पाण्यानं रबर पुसून बघितलं, आंब्याच्या रसाचा चिकटा निघाला तेवढाच. रबर कडक झालेलं होतं, ते बदललं. फ्रीज दक्षिणेच्या भिंतीकडे हलवला, मागे वीतभर जागा सोडली, मागच्या जाळीवरची धूळ काढली. बर्फाचा थर साचू द्यायचा नाही.

पण सगळ्यात मोठा फरक माठानं पडला, हे मी मनापासून सांगते. सहा माणसं, त्यात दोन मुलं सुट्टीत घरी, दर दहा मिनिटांनी कुणीतरी गार पाण्यासाठी फ्रीज उघडायचं. दार उघडलं की आतली गार हवा खाली सांडते आणि कॉम्प्रेसर परत सुरू. सासूबाईंनीच कुंभाराकडून माठ आणायला लावला, तिवईवर ठेवला, वर ओलं फडकं गुंडाळलं, पाण्यात वाळ्याची जुडी टाकली. पाण्याच्या बाटल्या फ्रीजमधून गेल्या. मुलांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग त्यांनाच माठातलं पाणी आवडायला लागलं.

पाण्याची मोटार

उन्हाळ्यात मोटार जास्त चालते हे गृहीत धरलं होतं. पण संध्याकाळी टाकी भरली तरी सकाळी पाव टाकी रिकामी असायची. रात्री तर कुणी वापरत नव्हतं. टाकीतलं पाणी पाईपमधून खाली हौदात परत जात होतं. मोटारीजवळचा एकदिशा व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे एनआरव्ही म्हणतात, त्याच्यात कचरा अडकला होता. नवीन व्हॉल्व्ह टाकला. तेच पाणी दोनदा चढवायचं बंद झालं. तुमची टाकी रात्रीत उतरत असेल तर हौदावर कान देऊन ऐका, पाणी पडल्याचा आवाज येतो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची पद्धतही आम्ही बंद केली. घटकाभर बरं वाटतं, पण ते पाणी मोटारीनंच वर चढवलेलं असतं, आणि मे महिन्यात सांगलीत कृष्णेचं पाणी गच्चीवर ओतणं मला पटत नाही.

स्लॅब

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते. म्हणजे या दिवसांत भिंतीपेक्षा छप्परच जास्त तापतं. दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब संध्याकाळी सातनंतर खाली सोडायला लागतो, आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. वरच्या मजल्यावर रात्री बारापर्यंत काहिली होते ती यामुळे. खालचा मजला, तो दगडमातीचा, त्या वेळी चांगला निवलेला असतो. जुन्या माणसांना हे कळत होतं.

आम्ही मार्चच्या शेवटी गच्ची झाडून, धुऊन शिरगोळा चुना, पांढरं सिमेंट आणि थोडं फेविकॉल पाण्यात कालवून ब्रशनं दोन हात मारले. पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं. दुपारी अनवाणी गच्चीवर पाय ठेवता येतो इतका फरक पडला. पावसात बराच चुना धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो, पण खर्च फार नाही आणि काम एका सकाळचं आहे.

खिडक्यांचं आमचं गणित आता असं: सकाळी नऊला पूर्व-दक्षिणेच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, संध्याकाळी साडेसातला, बाहेरची हवा निवली की सगळं उघडं. फक्त कूलरच्या खोलीत एक खिडकी कायम उघडी हवी. कूलर बंद खोलीत चालवला की हवा दमट होते आणि अंग चिकचिकतं. वळीव पडून गेल्यावर तर कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखाच बरा.

एसी, आणि वेळ

एसीबद्दल थोडक्यात. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमामुळे २०२० पासून नवीन स्टार लेबलच्या एसीचं तापमान सुरू करताना २४ वर असतं, आणि त्यांचाच अंदाज असा की दर एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. दीर आता २६ ला लावतात, वर बीएलडीसी नाही तरी पंखा एकवर. टायमर पहाटे अडीचचा. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुतात. दाराखालच्या फटीत जुन्या चादरीची वळी करून लावतात. महिन्याचे ६० युनिट ४८ वर आले. बस्स, त्यांच्या मागे लागायचं आता काही कारण नाही.

वेळेचं मात्र महत्त्वाचं. संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात अख्ख्या गल्लीचे एसी, कूलर, मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर असतात. व्होल्टेज पडतं, ट्यूब मिणमिणते, पंखा मंद होतो. कमी व्होल्टेजला मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि पाणी सावकाश चढवते. आम्ही मोटार, वॉशिंग मशीन आणि इस्त्री ही तीन कामं सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये आणली. ज्यांच्याकडे टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेप्रमाणे हिशोब ठेवणारा स्मार्ट मीटर बसला आहे त्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे सवलतही सुरू झाली, ती आपल्या बिलावर तपासून घ्या. मीटर जुना असला तरी या वेळेचा मोटारीला फायदा होतोच, आणि डीपीवरचा भार उतरला की गल्लीतली लाईट जायचंही कमी होतं.

गच्ची मोकळी आणि बिनसावलीची असेल तर पीएम सूर्यघर योजनेत सौर पॅनलला केंद्राचं अनुदान आहे: एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार. आमच्या गच्चीवर दोन्हीकडच्या उंच इमारतींची सावली पडते, म्हणून आम्ही तूर्त त्या वाटेला गेलो नाही. पण आधी गळती शोधा आणि मग पॅनल किती किलोवॅटचं ते ठरवा. मेलेली बॅटरी पोसायला पॅनल बसवू नका.

मीटरचीच शंका असेल तर

मीटरनंतरचा मेन पाडा आणि पंधरा मिनिटं दिवा बघा. घर पूर्ण तोडलेलं असताना तो लुकलुकायला नको. लुकलुकला तर एक तर मीटरमध्ये दोष, नाहीतर मीटर आणि मेनच्या मधून कुणाची तरी वायर गेलेली. भाड्यानं दिलेल्या खोल्या, सामाईक जिना, जुन्या वाड्यांतल्या वाटण्या असतील तर हे होतं, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं असतं असंही नाही. आधी वायरमनकडून लाईन शोधून घ्या. ती स्वच्छ निघाली तर फी भरून मीटर तपासणीचा अर्ज देता येतो. अर्जाबरोबर आठ दिवसांची रोजची रीडिंग एका ठराविक वेळेला लिहून जोडा. "बिल जास्त येतंय" एवढंच म्हणण्यापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

२०२५ च्या मे महिन्याचं आमचं बिल आलं २५१ युनिटचं. आदल्या वर्षीपेक्षा १३१ कमी, आणि तिसरा टप्पा लागलाच नाही. या वर्षात सासूबाईंचा पंखा दुपारी एकदाही बंद झाला नाही. बॅटरीचं पाणी बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, दर एक तारखेला जिन्याखाली टॉर्च घेऊन मुलाला बसवतात आणि स्वतः वरून विचारतात, "पट्ट्या बुडाल्यात का रे नीट?" उरलेले दोन पंखे दिवाळीत बदलायचे आहेत. फ्रीज अजून तासातली पस्तीस मिनिटं चालतोय, त्याचं काय ते पुढच्या मार्चच्या आत बघावं लागेल.